चंदन भिंगरी छत्तीस मिनिटं बसला, त्याची हकीगत

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत उभं राहून "चंदन पाटील कुठं बसतात?" असं विचारलंत, तर लोक तुम्हाला पाटलांची चार दुकानं दाखवतील. त्यापेक्षा "भिंगरी कुठं बसतो?" असं विचारा. मग लोक आधी हसतील, कारण तो बसत नाही, आणि मग पत्र्याच्या छपराच्या एका दहा बाय आठच्या खोलीकडं बोट दाखवतील. पाटीवर 'लॅपटॉप व कॉम्प्युटर दुरुस्ती' असं लिहिलंय. समोर रसवंती आहे, रसवंतीला बाक आहे, आणि त्या बाकावर गेली सात वर्षं माझ्या दुपारी जातात. तेव्हा मी सांगतो ते बहुतेक डोळ्यांदेखतचं आहे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच सांगेन. ते जास्त मजेदार असेल.

गडी मूळचा रनाळ्याचा. घरची कापूस-मिरचीची शेती, ती थोरला भाऊ नवल बघतो. चंदनला पाण्याच्या बारीवर पाठवलं की इकडं वाफा फुटायचा आणि हा तिकडं मोटारीच्या स्टार्टरमध्ये डोकं घालून असायचा. धुळ्याला पॉलिटेक्निकला घातला, तर दीड वर्षात परत आला. का आला, याच्या दोन कथा आहेत. मास्तरांशी भांडला, ही घरची. दुसरी मी सांगत नाही, कारण त्या बाईंचं आता लग्न झालंय.

याच्या स्वतःच्या लग्नाला मी हजर होतो. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि स्पीकर घूं घूं करायला लागला. भटजींनी "सावधान" म्हटलं, अंतरपाट दूर झाला, पलीकडं रूपाली हार घेऊन उभी आणि अलीकडं नवरदेव नाही! सापडला तो मांडवाच्या कोपऱ्यात, बाशिंगासकट ॲम्प्लिफायरच्या टेबलाखाली, तार पिळताना. रूपालीचे वडील अक्कलकुव्याचे, सरळ माणूस. त्यांनी हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पोऱ्या बरा शे ना, भाऊ?" मी म्हटलं, "बरा शे. फक्त थांबत नही."

आता यंदाच्या मे महिन्यात काय झालं ते ऐका.

कापडवाले नेमीचंदशेठ तुम्हाला माहीत नसतील. मारवाडी घर, तीन पिढ्या शहाद्यात. त्यांची सून फाल्गुनी लॅपटॉपवर साड्यांच्या काठांचे नमुने काढते. वेलबुट्टी, मोर, कैऱ्या, सगळं बोटांनी पडद्यावर. शेठजी गिऱ्हाइकांना सांगायचे, "बहू चित्रं काढते, टाइमपास." पण या टाइमपासचे चार नमुने बहूनं सुरतच्या एका व्यापाऱ्याला पाठवले, आणि त्यानं उलट निरोप धाडला: चाळीस काठ घेऊन दोन महिन्यांनी सोमवारी अकरा वाजता समोर या, पसंत पडले तर पुढचं काम तुमच्या नावानं. तुमच्या नावानं म्हणजे फाल्गुनीच्या. सासऱ्यांच्या दुकानाच्या नावानं नाही. पोरीनं दीड महिना डोळे फोडून चाळीस काढले. ते चाळीसही एकाच लॅपटॉपमध्ये. दुसरीकडं ठेवले नव्हते, कारण आपण सगळे ठेवू-ठेवू म्हणतो, तसंच तिनं म्हटलं.

त्या लॅपटॉपचं एक बटण अडकायला लागलं, म्हणून तिनं तो चंदनकडं दिला. एवढंच काम. पण चव्वेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली स्क्रू बोटाला चटके देत होते, म्हणून चंदननं तो घरी नेला. घरी कूलरशेजारच्या खाटेवर ठेवला. आणि रूपालीच्या भावाचं लग्न निघालं म्हणून बायका-पोरांना घेऊन तीन दिवस अक्कलकुव्याला गेला. घरी राहिली त्याची आई, दगूबाई.

दगूबाईनं कूलरमध्ये पाणी सोडायला पाइप लावला आणि धनुबाई शेजारीण दारात आली. दोघी बोलायला लागल्यावर पाण्याचं भान कोणाला? कूलर भरून वाहिला तो खाटेवर. दगूबाईनं लॅपटॉप उचलला तर आतून ओघळ.

धनुबाई म्हणाली, "तांदूयमा ठेव. मन्हा पोऱ्याना मोबाईल तांदूयमाच सुकना."

दगूबाईच्या घरी तांदूळ किलोभर. पण लोणच्याचे दिवस. खडेमिठाचं अख्खं पोतं आलेलं. आणि दगूबाई डोक्यानं कमी नाही, चंदन काही आभाळातून पडला नाही. तिनं विचार केला, तांदूळ पाणी पितो, पण मीठ पाणी ओढतं. कैरीच्या फोडीला रात्रभर मीठ लावलं की सकाळी पातेल्यात वाटीभर पाणी. मग यालाही तेच. परातीत मिठाचा थर, त्यावर लॅपटॉप, वर पुन्हा मीठ, आणि वरून पातळ फडकं बांधलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मीठ झटकून, पुसून, पिशवीत घालून जागच्या जागी. दिसायला लखलखीत!

बुधवारी चंदन परतला. दगूबाई सांगायला लागली, "चंदन, त्या मशिनवर थोडं पानी पडनं व्हतं..." एवढं ऐकून तो पिशवी उचलून दुकानाकडं पळाला. पुढचं मिठाचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिनं ते जेवताना सांगायचा प्रयत्न केला, तर हा ताटावरून उठला. अंघोळीला जाताना सांगितलं, तर नळ चालू. चार वेळा. "नंतर सांग, माय." पोटात गोष्ट ठेवायची दगूबाईला सवय नाही. तिनं भाजीवालीला सांगितली, धनुबाईला तर माहीतच होती, आणि शुक्रवारी बाजारात तीजाबाई भेटल्या त्यांना सांगितली. तीजाबाई म्हणजे नेमीचंदशेठच्या घरच्या, फाल्गुनीच्या सासूबाई. हे ऐकीव.

मला? मला गुरुवारीच कळलं होतं. चंदनला सांगितलं का नाही, असं विचाराल. मला वाटलं, त्याला ठाऊक असणार. आता हे पूर्ण खरं आहे का, ते सोडा.

गुरुवारी सकाळी चंदननं चार्जर लावला आणि चार्जर आणि लॅपटॉपच्या मधल्या छोट्या मीटरवर बघितलं. पाच व्होल्ट. मशिन धड असेल तर ते पाचावरून विसावर जातं. इथं पाचावरच. मला तो समजावून सांगत होता, अर्थात येरझारा घालत: "काका, चार्जर दारशी उभा राहीसन कडी वाजाडी ऱ्हायना. मझारतून कोणी दार उघाडत नही."

"घरमा कोणी शे का?" मी विचारलं.

"तेच तर!"

तेवढ्यात फाल्गुनी आली. चंदनला पाणी पडल्याचं माहीत होतं. आपल्या घरी, आपल्या खाटेवर. पण समोर ती उभी राहिल्यावर याच्या तोंडून निघालं, "भाभी, लाइट कमी-जास्त झाली. व्होल्टेजमुळं बोर्ड गेलाय. होईल, होईल."

"माझे काठ?"

"याच्यातली साठवण सुटी निघत नाही ना, भाभी. ती बोर्डावरच डागलेली असते. बोर्ड जिवंत झाला तरच निघेल."

"सोमवारी सुरतला जायचंय, चंदनभाऊ. रविवारी साडेतीनच्या गाडीनं."

"होईल."

ती गेली आणि भिंगरीला जणू दोरी ओढली. दुकान, रसवंती, स्टँड, परत दुकान. बोर्ड बाहेर काढला. कीबोर्डच्या बाजूला पाण्याचा डाग होता, तो स्पिरिटनं आणि दात घासायच्या ब्रशनं घासला. पुन्हा पाच व्होल्ट. मग मीटरच्या दोन सुया घेऊन बोर्डभर टोचत फिरला. जिथं मीटर ओरडायला नको तिथं ओरडला, म्हणजे कुठंतरी वीज वाटेतच जमिनीत मुरत होती. त्यानं बोर्डावर स्पिरिट पसरलं, सप्लायवरून एक व्होल्ट सोडला आणि वाकून बघत राहिला. बिघाड जिथं, गरमी तिथं, आणि गरमी जिथं तिथलं स्पिरिट आधी उडणार. तिळाएवढ्या एका तुकड्यावरचं उडालं. तो तुकडा काढला. मीटर गप्प झाला. चंदन दारात येऊन ओरडला, "काका, सापडना!"

चार्जर लावला. पाच व्होल्ट.

शुक्रवार असाच गेला. फाल्गुनी दिवसातून दोनदा यायची, "झालं का?" विचारायची, क्षणभर थांबायची आणि जायची. तिच्या पाठीकडं बघून चंदन डोकं खाजवायचा. शनिवारी दुपारी त्याला बोर्डावर, लॅपटॉपच्या पंख्याखालच्या कोपऱ्यात, पाणी पडलं त्याच्या अगदी उलट्या टोकाला, हिरवट-पांढरी बुरशी दिसली. "पानी आठे ऊनंच कसं?" तो स्वतःशीच बोलत होता. चिमट्यानं एक पांढरा कण उचलला, भिंगाखाली धरला. चौकोनी. मग त्यानं जे केलं ते शाळेत कोणी शिकवत नाही. जिभेवर ठेवला.

मी बाकावरून त्याचा चेहरा बघत होतो. सात वर्षांत पहिल्यांदा तो माणूस एका जागी उभा राहिला. मिनिटभर तरी. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, मन्ही मायनी तुमले काही सांगं का?"

"काय बाबतमा?" मी म्हटलं आणि रसाचा ग्लास तोंडाला लावला. रिकामा होता.

तो घरी गेला नाही. आईला विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की तू वाचवलं नाहीस, तू मारलंस. आणि ती माउली गल्लीभर सांगत फिरत होती की मी वाचवलं. फाल्गुनीला खरं सांगावं, तर आधीचं खोटं गळ्यात. दोन्हीकडून अडकला. पण मिठाचं कळल्यामुळं एक झालं: तीन दिवस स्पिरिटनं घासत होता आणि स्पिरिटात मीठ विरघळत नाही! मीठ निघतं पाण्यानंच. बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं आणि सगळा बोर्ड, ज्या पाण्याला चार दिवस शिव्या दिल्या त्याच पाण्यात, पोराला न्हाऊ घालतात तसा धुतला. पुन्हा स्पिरिट, पुन्हा पंखा. मग भिंगातून इंच-इंच बघितलं. मिठानं तांब्याची एक बारीक रेघ खाऊन टाकली होती. तिच्या जागी त्यानं केसाएवढी तार डागली.

रविवारी दीड वाजता चार्जर लावला. पाच. मग वीस! मी रस अर्धा टाकून आत गेलो. पंखा फिरला, पडदा उजळला आणि लगेच अंधार.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाऊण तास शोधल्यावर कारण कळलं: चार्जिंगचा काळा चौकोनी तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, त्याला बोर्डाशी धरून ठेवणारे खालचे टेके मिठानं पोखरलेले. वरून दाबला की चालतो, सोडला की बंद. पुन्हा डाग द्यावा तर टेके तुकड्यासकट निघून येतील. चिकटपट्टीनं दाबून बघितला, वर वजन ठेवून बघितलं. दोन सेकंद चालला आणि गेला. बोर्ड तापत जाईल तसा दाब बदलावा लागत होता, आणि तो फक्त बोटाला कळत होता.

अडीचला फाल्गुनी आली, हातात प्रवासाची बॅग. चंदन स्टुलावर बसला. मागं रबर असलेली पेन्सिल घेतली, रबर त्या तुकड्यावर टेकवलं, दाबलं. पडदा लागला. लॅपटॉपची बटणं गेलेलीच होती, म्हणून वेगळा कीबोर्ड जोडला. फाल्गुनीनं पासवर्ड टाकला, बाहेरची डिस्क लावली, चाळीस फाइली निवडल्या. पडद्यावर आलं: छत्तीस मिनिटं शिल्लक.

"चंदनभाऊ," ती म्हणाली, "छत्तीस मिनिटं."

"दिसतंय, भाभी."

"हात हलला तर?"

"हलणार नाही."

मी या माणसाला तीन वर्षांचं पोर आजारी असताना बघितलंय, तेव्हाही दवाखान्यात तो चालतच होता. आता उजवा हात कोपरापर्यंत दगड आणि डावा पाय टेबलाखाली शिलाई मशिनसारखा नाचतोय. मी म्हटलं, "पाय थांबव, टेबल हाली ऱ्हायना." पाय थांबला. मग कानामागची शीर उडायला लागली.

सहा फाइली झाल्या आणि दारात दगूबाई, हातात डबा.

"चंदन, जेवाले काबरं नही ऊना?"

"माय, हात मोकळा नही."

"काय करी ऱ्हायना?"

"बठेल शे."

दगूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खरंच बसला होता. ती आत आली, उजळलेला पडदा बघितला आणि तिचा चेहराही उजळला. "चालू व्हयनं का, पोरी, तुन्हं मशिन? व्हनारच! मी येळवर मिठमा ठेवं म्हनीसन."

चंदननं डोळे मिटले. एरवी हे वाक्य पुरं होईतो तो स्टँड ओलांडून गेला असता. पण पेन्सिल.

फाल्गुनीनं पडद्यावरची नजर काढली नाही. "माहीत आहे, मावशी. तुम्हीच सासूबाईंना बाजारात सांगितलंत ना."

"कधी?" चंदनचा आवाज फाटला.

"शुक्रवारी. तुम्ही मला लाइट कमी-जास्त झाली म्हणालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग... तुम्ही काही बोलल्या नाहीत?"

"रोज दोनदा येत होते. तुम्हाला काय वाटलं, नुसतं 'झालं का' विचारायला? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही एका जागी थांबाल तर ना!"

मी दाराच्या चौकटीला टेकलो. असला तमाशा तिकीट काढूनही मिळत नाही.

चंदन पेन्सिलीकडं बघतच म्हणाला, "भाभी, लाइटचा काही दोष नाही. पाणी माझ्या घरी सांडलं. मी खोटं बोललो."

"आणि मीठ?"

त्यानं मान न हलवता नुसते डोळे आईकडं वळवले. पडद्यावर सोळावी फाइल सरकत होती.

"मिठनं काय?" दगूबाई म्हणाली.

"माय," तो म्हणाला, अगदी हळू, "मिठघाईच ते खराब व्हयनं. पानीघाई इतलं व्हतं नही."

दगूबाई म्हणाली, "मंग कैरीले काबरं काही व्हत नही?"

"कैरीमा तांबं ऱ्हास नही, माय."

तिनं डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि जमिनीवर बसली. मान वळवून मला विचारलं, "भाऊ, तुमले ठाऊक व्हतं?" मी बाहेर चरकात उसाचं चिपाड अडकलंय का ते बघायला लागलो. तिनं फाल्गुनीकडं बघितलं. "पोरी, मी जानीसन नही करं."

"माहीत आहे, मावशी."

"तुन्हं काम गयं तर..."

"अजून नाही गेलं. तेवीस झाले."

हाताला काम दिल्याशिवाय दगूबाईला दुःखही करता येत नाही. तिनं डबा उघडला, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा लावला आणि बसल्या जागेवरून उठून लेकाच्या तोंडाजवळ नेला. "आ कर."

"माय, आते नको..."

"सकायपासून उपाशी शे. हात मन्हा शे, तुन्हा नही. आ कर."

त्यानं आ केलं. तीन घास गेले. चौथ्या घासाला चूक झाली. नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा, आणि लेकराचं तोंड कोरडं. त्याचा ठसका घशात आला. छत्तिसावी फाइल. चंदननं ओठ घट्ट मिटले. डोळे लाल, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि पेन्सिल तिथंच. पडदा एकदा फडफडला. फाल्गुनी उठून उभी राहिली. दगूबाईनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं, पाणी पाजायला तांब्या उचलला, तर तिघंही एकदम ओरडलो, "पाणी नको!" म्हणजे आम्ही दोघं ओरडलो, चंदन डोळ्यांनी ओरडला.

सदतीस. अडतीस. एकोणचाळीसवी फाइल मोराची होती, पिसं जास्त, म्हणून सरकता सरकेना. फाल्गुनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवून पडद्याशी काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक नवकार मंत्र.

चाळीस. तिनं डिस्क सोडवली आणि म्हणाली, "झालं."

चंदन खोकला. कसला खोकला, गल्लीतली कुत्री उठली! पेन्सिल उडाली, पडदा गेला, आणि पुन्हा लागला नाही. तुकडा टेक्यांसकट रबराला चिकटून आला होता. तो स्टुलावरून उठायला गेला तर पाय मुंग्या येऊन मेलेले. माझ्या अंगावरच कोसळला.

फाल्गुनीनं डिस्क चंदनच्या कॉम्प्युटरला लावली. एक-एक काठ उघडून मोजला. चाळीस. मग तिनं खुर्ची दगूबाईकडं सरकवली. "मावशी, बघा ना. यातला तुम्ही कोणता नेसाल?"

दगूबाई लाजली, मग पुढं झाली, मग नाक पडद्याला लावून बघायला लागली. वेलबुट्टी पुढं, मोर पुढं, मग म्हणाली, "चांगला शेत. पन काठ बारीक शेत, पोरी. डोकावरनी पदर लिधा का दुमडाई जाई, दिखाव नही." आणि स्वतःचा पदर डोक्यावर ओढून, काठ कपाळावर कुठं दुमडतो ते बोटानं दाखवलं. चार बोटं काठ हवा. हा अडीच होता.

फाल्गुनी त्या बोटांकडं बघत राहिली. तिच्या घरी सगळ्या बायका डोक्यावर पदर घेतात, पण तिनं काठ काढले होते पडद्यावर बसून, डोक्यावर घेऊन बघितले नव्हते. तिनं माउस ओढला. पहिला काठ उघडला.

"भाभी, गाडी!" चंदन ओरडला. "तीन पंचवीस!"

"एक मिनिट. मावशी, इतका?"

"आजून."

"इतका?"

"हां."

दुसरा काठ. तिसरा. चंदन दारातून स्टँडकडं, स्टँडवरून दाराकडं. शेवटी तो धावत गेला आणि सुरत गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कंडक्टर म्हणतोय, "ओ भाऊ, चढा नाहीतर उतरा," आणि हा म्हणतोय, "चढनारं माणूस येई ऱ्हायनं." गाडी आठ मिनिटं उशिरा सुटली. फाल्गुनीनं अकरा काठ रुंद केले होते.

सोमवारी सुरतच्या व्यापाऱ्यानं चाळीसांतले तेवीस ठेवले, आणि काम फाल्गुनीच्या नावानं दिलं. मंगळवारी नेमीचंदशेठनं दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल स्वतः पुसून सुनेसाठी रिकामं केलं. तिला तिथं बसवलं, चहा मागवला आणि पहिला घोट घ्यायच्या आत विचारलं, "बहू, पण बाकीचे सतरा त्यानं का नाही घेतले?"